टेकडीवरचं क्लोव्हर

सेल्मरकाका हरणांसाठी शेती करायचा, आणि त्यावरून विस्कॉन्सिनमधल्या आमच्या खोऱ्यात त्याची भरपूर थट्टा व्हायची. चीजच्या कारखान्यात दूध घालायला गेला की कोणीतरी विचारायचंच, "काय सेल्मर, हॉटेल कसं चाललंय? गिऱ्हाईक येतंय ना?"

"येतंय," काका म्हणायचा. "तुझ्या बायकोच्या स्वयंपाकापेक्षा बरं लागतं म्हणतात."

टेकडीच्या माथ्यावर लाकूडतोड्यांनी मोकळी केलेली एक जागा होती, दोन गोठे मावतील एवढी. तिथं नेच्यांशिवाय काही उगवत नसे. काकानं बुंधे उपटले, आंबट माती सुधारायला चुन्याची पोती पाठीवरून वर नेली, कारण ट्रॅक्टर ती चढण चढत नव्हता. पहिल्या वर्षी पेरलेलं उन्हानं करपलं. दुसऱ्या वर्षी इतकं छान आलं की शिकारीचा मोसम उघडायच्या आधीच हरणांनी सगळं फस्त केलं. मग त्याची मेख त्याला कळली. अर्ध्या जागेत क्लोव्हर, म्हणजे तीन पानांचा हिरवा चारा, ते उन्हाळाभर हरणांना यायची सवय लावायचं. उरलेल्या जागेत उशिरा पेरलेले सलगम. त्यांचा पाला दहिवर गोठेपर्यंत कडवट असतो, हरणं तोंड लावत नाहीत. थंडीनं गोड झाला की रांग लागते, आणि नेमका तेव्हाच मोसम उघडतो, काका कडेच्या मचाणावर बंदूक घेऊन तयार.

आर्डिसकाकू कपाळाला हात लावायची. "माझ्या परसातल्या कोबीला कधी पोतंभर शेणखत घातलंस का रे?"

त्या माळावर एक नर यायचा. त्याचं डावं शिंग खाली वाकलेलं. काकानं तो दोन वर्षं पाहिला होता, पण नीट नेम बसेल असा कधी मिळाला नव्हता. तिसऱ्या वर्षी मिळणार म्हणून उन्हाळाभर नुसती त्याचीच चर्चा. आणि मोसमाच्या तोंडावर काका गवताच्या माळ्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. स्वयंपाकघरात खिडकीशी त्याची खाट टाकली. तिथून तो दिवसभर टेकडीकडं बघत उसासे टाकायचा.

"मी जाते," मोसम उघडला त्या पहाटे काकू म्हणाली.

"कुठं?"

"वर. तुझं हे तोंड बघत बसण्यापेक्षा थंडीत बसलेलं बरं."

काका हसला. काकू नाही हसली. "लग्नाआधी बापाबरोबर दरवर्षी जायचे मी. मग थांबले, कारण तू वर गेलास की गाई कोण पिळणार? कधी विचारलंस?"

काकानं मान खाली घातली. मी त्याचा पुतण्या, शेजारीच राहायचो. धारा मी काढीन म्हटलं. काकूनं त्याचा शिकारीचा नारिंगी कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि बंदूक घेऊन निघाली.

उजाडून थोडा वेळ झाला असेल. वरून एकच बार ऐकू आला. काका खाटेवर उठून बसायला बघत होता, मी त्याला दाबून धरलं. बऱ्याच वेळानं काकू आली, गाल लालबुंद, कॉफी ओतून घेतली.

"तो होता?" काकानं विचारलं.

"होता. सलगम खात उभा होता, अगदी समोर."

"मग?"

"मग काय. त्याच्या मागून एक गलेलठ्ठ मादी आली. मादी मारायचा परवाना होता आपल्याकडं. तिला मारलं. हिवाळाभर पुरेल. म्हाताऱ्या नराचं मांस चावत कोण बसणार?"

काकानं खिडकीतून टेकडीकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "आर्डिस, वारा कुठून होता?"

"मचाण जिथं बांधलंस तिथं हरणांकडून येतो, आपला वास त्यांना लागत नाही. जागा चांगली निवडलीयस." तिनं केलेलं त्याचं इतकं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो नर पुन्हा कोणाला दिसला नाही. काका पुढच्या वर्षी लंगडत वर गेला, पण मोसमाचा पहिला दिवस त्यानं काकूला दिला आणि स्वतः गोठ्यात धारा काढत बसला. तेव्हापासून तोच रिवाज पडला. चुन्याची पोतीही दोघं मिळून वर न्यायची, मध्ये बसत, भांडत.

गाई विकल्यावर दोघांना एकत्र मचाणावर बसायला मिळालं. त्या वर्षांत मात्र हरीण असं मिळालंच नाही. खाली उभं राहिलं की वरून दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या, अगदी आमच्या कुंपणापर्यंत.