सतरा नंबरचा मुनारा

देवराम सुपडू जंगलखात्यात लागला तो १९२९ साली, एकविसाव्या वर्षी. तापीकाठची वडिलांची कपाशीची जमीन तीन भावांना पुरणारी नव्हती. काम हद्दीवरचं होतं. बुऱ्हाणपूरकडचं जंगल इंग्रजी मुलखात, पलीकडचं इंदूर संस्थानात. मध्ये दगड रचून केलेले मुनारे, प्रत्येकावर नंबर. दर हिवाळ्यात मुनाऱ्यांना चुना द्यायचा आणि दोन मुनाऱ्यांमधली झुडपं छाटून वाट मोकळी ठेवायची, एवढीच त्याची आणि जोडीदार भिकनची नोकरी.

१९३२च्या उन्हाळ्यात रेंजसाहेबांनी दोघांना बोलावलं. सतरा नंबरचा मुनारा नाल्याकाठून उचलून टेकडीच्या माथ्यावर रचायला सांगितला. मधल्या उतारावर साग चांगला होता, आणि मुनारा वर गेला की तो उतार इंग्रजी हद्दीत येणार होता.

भिकननं विचारलं, "साहेब, लेखी हुकूम?"

"मी सांगतोय ना," साहेब म्हणाले.

दोघांनी दोन दिवस दगड वाहिले.

संस्थानच्या लोकांच्या ते महिन्याभरात लक्षात आलं. तक्रार झाली, नकाशे निघाले, त्यांच्यावरच्या रेषा एकमेकींशी जुळेनात. निकाल लागेपर्यंत उतारावर कोणीच कुऱ्हाड लावायची नाही असं ठरलं, आणि निकाल काही लागला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आजूबाजूचं जंगल रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि कोळशासाठी तुटलं. उतार तेवढा राहिला. साग जाड झाला, खाली अंजन आणि धावडा दाटला. पायथ्याच्या झिऱ्याला वैशाखातही पाणी असायचं. जवळच्या वस्तीतल्या बायका तिथूनच हंडे भरायच्या.

१९४८ साली संस्थान विलीन झालं, पण हद्द राहिलीच. पलीकडे मध्य भारत, अलीकडे मध्य प्रांत, ज्याचं नाव पुढे मध्य प्रदेश झालं, अशी दोन राज्यं झाली. दोन वर्षांनी दोन्हीकडचे अधिकारी बुऱ्हाणपूरच्या कचेरीत चौकशीला बसले. भिकन तापानं गेला होता, रेंजसाहेब कुठे होते कोणास ठाऊक. उरला देवराम.

"मुनारा पहिल्यापासून माथ्यावरच आहे का?"

"मले याद नाही, साहेब."

"वीस वर्षं चुना तुम्हीच देता ना?"

"जिथे दिसला तिथे दिला."

घरी बायकोनं, आशाबाईनं, काय झालं म्हणून विचारलं. "खरं सांगतो तर नोकरी जाती," तो म्हणाला. मुलीचं, विमलचं, लग्न त्याच वर्षी व्हायचं होतं. चौकशीत काहीच ठरलं नाही आणि उतारावरची तोडबंदी तशीच राहिली. देवरामानं जंगल वाचवलं असं वस्तीतले लोक पुढे म्हणायचे. तो स्वतः तसं कधी म्हणाला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला दोन्ही राज्यं एक झाली. त्या हिवाळ्यात नंदकुमार नावाचे तरुण अधिकारी नकाशा घेऊन उतार पाहायला आले. माथ्यावर पोहोचल्यावर, कोणी विचारलं नसताना, देवराम बोलला.

"साहेब, हा मुनारा इथला नाही. मी आणि भिकननं वर आणला. बत्तीस साली."

नंदकुमार दगडांवर टेकून पाणी पीत होते. "वर असो की खाली, आता दोन्ही आपलंच आहे."

"माझं लिहून घ्या."

"कशावर लिहू, देवरामजी? ती फाईल बंद झाली."

चोवीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते असं दोन वाक्यांत संपलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आपलं म्हणणं ऐकण्याजोगंही उरलं नाही, याचा त्याला राग आला. मग तो इतकंच म्हणाला, "झिऱ्याजवळची झाडं सोडा."

ते साहेबांनी मान्य केलं. झिऱ्याभोवती तीस पावलं झाडं राखायची, बाकी उतार तोडीला. तोडायच्या प्रत्येक झाडाची साल तासून त्यावर शिक्क्याचा हातोडा मारायचा. ते काम देवरामाकडेच आलं, कारण तिथल्या वाटा त्यालाच माहीत होत्या. महिनाभर तो हातोडा मारत होता. तोड तीन हिवाळे चालली. कंत्राटदारानं झिऱ्याजवळच्या एकाही झाडाला हात लावला नाही.

तरीही चौथ्या वर्षी झिरा चैत्रातच आटला. उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर खाली येऊन साचली होती. बायकांना मैलभर लांब जावं लागलं. त्यांच्यातल्या भागाबाईनं त्याला वाटेत थांबवलं.

"भाऊ, झाडं तं ठेवली तुमी. मंग पानी कुठे गेलं?"

"पानी वरतून यायचं, बाई. वरती हातोडा मीच मारला."

भागाबाई हंडा घेऊन निघून गेली.

हद्दीचं काम संपल्यावर त्याची बदली बुऱ्हाणपूरच्या लालबागला, स्टेशनजवळच्या लाकूड डेपोत झाली होती. ओंडक्यांची मापं घेण्याचं काम. १९६१च्या उन्हाळ्यात वस्तीत विहीर खणायला घेतल्याचं कळलं, तेव्हा त्यानं पंधरा दिवसांची रजा काढली. आशाबाई म्हणाली, "तुमचं काय काम तिथे?" तरी तो गेला. माती भरलेल्या पाट्या तो इतरांबरोबर वर ओढत राहिला. बाराव्या दिवशी पाणी लागलं. थोडं मचूळ होतं, पण जूनपर्यंत पुरलं.