बावीस क्विंटलची शेळी

"माझ्या कापसाच्या गाडीचं अन् या शेळीचं वजन एकच काऊन गा?" आर्वीच्या धरमकाट्यावर एक कास्तकार असा ओरडला की झाडावरचे कावळे थेट अल्लीपुरात जाऊन बसले. काट्यावर शेळी उभी होती, पडद्यावर बावीस क्विंटल, अन् शेजारी हिरव्या अक्षरांत 'सर्व ठीक'. काट्याच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम माझा. कुठलीही चूक आली की पकडून गिळून टाकणारी एक मेथड, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, मी त्यात लिहिली होती, अन् माझा प्रोग्राम कधी बंद पडत नाही म्हणून वर्षभर मिशीला पीळ देत फिरलो होतो. उंदरानं काट्याची वायर कुरतडली, मेथडनं तीही चूक गिळली, अन् सकाळच्या पहिल्या गाडीचं वजन सगळ्यांना वाटत सुटली. सरकीच्या वासात, पोत्यावर बसून मी ती बदलली: चूक गिळायची नाही, वर कळवायची, काटा थांबवायचा. वायर जोडली, सगळ्या गाड्या पुन्हा तोलल्या. कास्तकाराचा कापूस दोन क्विंटल जास्त भरला, तेव्हा त्यानंच मला चहा पाजला. अजूनही सरकीचा वास आला की त्या दिवशी सकाळपासून काट्यावर बसलेला काटेवाला आठवतो. "सगळ्यांचं वजन एकच येतंय, हे तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं होतं. "सकाळीच दिसलं जी," तो म्हणाला, "पण मशीन 'सर्व ठीक' म्हणून राह्यली होती, मंग मी काऊन बोलू."