घंटेची पट्टी

खोपोलीत मोहियुद्दीनभाई धनसे यांचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न असो, उरूस असो, प्रचाराची सभा असो, खालापूर-कर्जत भागात माईक लावायला त्यांनाच बोलावतात. वय सदुसष्ट. गाणं कुणापाशी शिकले नाहीत, पण चाळीस वर्षं गाणाऱ्यांच्या समोर बसून कान असा तयार झाला की तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी मिक्सरवरून मान वर व्हायची. चौकसही भारी. बैठक संपली की तबलजीला चहा पाजून विचारायचे, "ते मघाशी काय केलंत, परत दाखवा ना." नात फिझा फोनवर नवी गिटारची गाणी ऐकते, तीही तिच्या इयरफोनचं एक बटण काढून घेऊन ऐकायचे. "ह्याच्यात खालून घूं घूं काय वाजतंय गं?"

पण एका कोड्याचं उत्तर त्यांना कधी मिळालं नव्हतं.

सत्याऐंशी साली कर्जतला नदीकाठच्या शंकराच्या देवळात मालतीबाईंचं गाणं झालं होतं. मालतीबाई शाळेत शिकवायच्या आणि गायच्या अशा की ठाण्या-पुण्याची माणसं मुद्दाम यायची. त्या संध्याकाळी त्यांनी पूरिया धनाश्री गायला, आणि मोहियुद्दीनभाईंनी तो आपल्या मोठ्या स्पूलच्या टेपवर उतरवून घेतला. दोन वर्षांनी बाई गेल्या. त्यांचं दुसरं रेकॉर्डिंग कुणाकडे नव्हतं. या एकाच्या कॅसेटी निघाल्या, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. 'मोहियुद्दीनचं रेकॉर्डिंग' असंच त्याचं नाव पडलं. भाईंच्या आयुष्यात मिरवण्यासारखं हे एवढंच, आणि ते मिरवायचेही.

तरी मनात एक खुपायचं. त्या संध्याकाळी समोर ऐकलेला आवाज पोटातून आल्यासारखा भरीव होता. टेपवरचा थोडा चिरका, घाईतला. का? कुणी म्हणे, समोरचं ते समोरचं. कुणी म्हणे, माईक हलका होता. भाईंना दोन्ही पटत नव्हतं, कारण त्याच माईकवर घेतलेली बाकीची रेकॉर्डिंगं अशी नव्हती.

यंदा मालतीबाईंच्या नातीनं, ऋजुतानं, त्याच देवळात कार्यक्रम ठरवला. आजी गेली तेव्हा ती जन्मलीही नव्हती; आजीला ती ओळखते ती या रेकॉर्डिंगवरून. बेत असा, की आधी आजीचा आवाज वाजवायचा आणि तो थांबतो तिथून ऋजुतानं गाणं उचलायचं, मागे तिच्या साथीला असणाऱ्या अनुपमची गिटार आणि तबला. त्यासाठी दोघींची पट्टी एकच हवी. टेपवर बाई पेटीच्या पांढरी सहामध्ये होत्या आणि ऋजुताचा गळा काळी चारचा, म्हणजे अर्धा सूर खाली. तीन महिने ती वर गायचा हट्ट करत होती. वरचा पंचम लावताना आवाज फाटायचा. आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी दोन दिवस बोलणंसुद्धा बंद केलं होतं.

"ताई, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग थोडं खाली आणू," फिझा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"आजीचा आवाज मोडायचा? नको गं. मला जमत नसेल तर मी नाही गाणार. नुसतं रेकॉर्डिंग वाजवू आणि घरी जाऊ."

"बरोबर आहे," भाई म्हणाले. "माझं रेकॉर्डिंग जसं आहे तसंच वाजेल."

फिझानं आजोबांकडे पाहिलं. "दादा, तुम्हांला गाणं ऐकायचंय का टेप?"

कार्यक्रम रविवारी. शनिवारी दुपारी भाई देवळात स्पीकरचे बॉक्स लावून आवाज तपासत होते. रेकॉर्डिंग चालू होतं. आलापीच्या मध्यावर कुणा भाविकानं घंटा वाजवली होती, ती टेपवर आली होती; भाईंना ती जागा पाठ होती. ती घंटा बॉक्समधून वाजली, आणि तेवढ्यात देवळाची झाडलोट करणाऱ्या हिरूनं फडक्यानं पुसता पुसता खरी घंटा हलवली.

दोन घंटा. टेपवरची खरीहून चढी.

भाई केबल टाकून उठले. "हिरू, घंटा कधी बदलली रं?"

"नाय चाचा. आमच्या आज्याच्या वक्तापासनं हीच हाय."

"डाग दिला असेल, तासली असेल?"

"घंटा कोन तासतं? तुमी पन ना!"

भाईंनी ती पुन्हा वाजवली, पुन्हा टेप मागे नेली. पाच-सहा वेळा. हिरू म्हणाला, "द्येव उठला आसंल आता." भाईंचं लक्ष नव्हतं. ते खांबाला टेकून खाली बसले. माणसाचा गळा वर्षांनी बदलेल, पितळ कशाला बदलेल? मग चुकतंय कोण?

आणि त्यांना जनरेटर आठवला. त्या दिवशी वीज गेली होती. शेजारच्या भातगिरणीतून जनरेटर आणला. त्याच्यावर दिवे, पंखे, कर्णे, सगळंच लादलं. दिवे पिवळे पडले होते आणि इंजिन धापा टाकत होतं. त्यांचं स्पूलचं मशीन विजेच्या ठेक्यावर फिरणारं. जनरेटर मंद, म्हणून टेपही मंद फिरली. नंतर दुकानात चांगल्या विजेवर लावली तेव्हा ती भरभर पळाली आणि आवाज वर चढला. सदतीस वर्षं सगळ्यांनी तोच ऐकला.

चूक त्यांचीच. आणि ती त्यांच्याखेरीज कुणाला कळलीही नसती.

त्यांनी फोन केला. "फिझा, लॅपटॉप घेऊन ये. ऋजुतालाही घे."

फिझानं रेकॉर्डिंग हळूहळू मंद करत आणलं. भाई घंटेखाली उभे. "अजून. अजून थोडं. थांब!" त्यांनी घंटा वाजवली. या खेपेला दोन्हींचा नाद एकमेकांत मिसळून गेला. फिझानं फोनवर तंबोरा लावून पाहिला. काळी चार.

ऋजुता भाईंकडे वळली.

"चाचा, तीन महिने मी घसा फोडला."

"हो."

"आजी गेल्यापासून आई तिचा खोटा आवाजच ऐकत आली."

"हो बाळा. उद्या मी माईकवर सांगतो सगळ्यांना. जनरेटरचंसुद्धा."

ती म्हणाली, "परत लावा." आजीचा आवाज सभामंडपात पसरला, जाड, संथ, घाई नसलेला. भाईंनी डोळे मिटले. ऋजुता आधी ऐकत राहिली, मग बसल्या जागी हलकेच त्याच्यात मिसळली. वरचा पंचम कधी आला ते कळलंही नाही.

"बया, हिचा गळा बरा झाला की!" हिरू म्हणाला.

रविवारी भाईंनी खरंच माईक हातात घेतला. चार वाक्यांत सगळं सांगितलं, घाम पुसला आणि मिक्सरवर जाऊन बसले. लोकांत थोडी कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर मोठ्यानं म्हणाले, "तरीच! बाई एवढ्या चढ्या कधी गायच्या?" "मग मास्तर, इतकी वर्षं गप्प का?" मागून कुणीतरी टोमणा मारला आणि हशा पिकला. तेवढ्यानं भाईंचा जीव जरा हलका झाला.

रेकॉर्डिंग सुरू झालं. ठरल्या जागी भाईंनी त्याचा आवाज हळूहळू बारीक केला आणि ऋजुतानं सूर धरला. पहिली दोन आवर्तनं तिनं आजीचीच घेतली. मग गिटारकडे मान वळवून तिनं गाणं भलतीकडेच नेलं. भाईंचं बोट बटणावर तसंच राहिलं. ते पुढे वाकले. गाण्यातली ही जागा त्यांनी आजवर कधी ऐकली नव्हती, आणि ती समेवर कशी येते ते त्यांना बघायचं होतं.