बापाला दिलेला शब्द

हैदराबादेहून शिकून आलेल्या आमच्या मास्तरांनी एका परदेशी नाटकाचं मराठी केलं आणि तालमीतच सांगून टाकलं, की पाटोद्याच्या लोकांना राजपुत्राची घालमेल कळायची नाही, तेवढी गाळा. राजपुत्र मीच होतो. मी गाळणार नव्हतो.

बाजाराच्या दिवशी दुपारी देवळापुढं खेळ केला. खून झालेल्या राजाचं, म्हणजे माझ्या बापाचं, भूत समोर येऊन मला म्हणालं, "माझा सूड घे." इथं मी नुसतं गप्प उभं राहायचं, असं ठरलं होतं. पण पुढं बसलेला एक म्हातारा धनगर घोंगडी सावरत उठला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की आपण हात जोडून मेलेल्याला शब्द देतो. त्याला तेच दिसत होतं.

"शब्द दे की बापाला," तो म्हणाला. "त्याबिगर त्यो जाईल कसा?"

मी हात जोडले. "बाबा, तुमची इच्छा मी पुरी करीन." भूत गेलं, तसा सगळ्या लोकांनी सुस्कारा सोडला.

पुढं खुनी काकाच्या पाठीमागं तलवार उपसून मी थबकलो, तेव्हा कुणीही हसलं नाही.

खेळ संपल्यावर मास्तरांनी त्या धनगराला विचारलं, "राजपुत्र का थांबला, ते कळलं का?"

"न कळायला काय झालं," म्हातारा म्हणाला. "माझ्या बापाला दिलेला शब्द अजून तसाच पडून हाय."

पुढच्या बाजाराला मास्तरांनी घालमेलीची दोन पानं वाढवून आणली. मी ती घेतली आणि पाठ करायला बसलो.