माजावर आलेली मांजर

आमची मांजर पहिल्यांदा माजावर आली, तेव्हा तिच्या पोटात दुखतंय असंच मला वाटलं. दोन दिवस ती फरशीवर लोळत होती, घसा फाडून ओरडत होती. शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवून विचारलं. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. मांजराला त्या कधी हात लावायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अगो, ती आजारी नाय. तिका बोको होयो."

तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला मी ग्रिलची खिडकी उघडली आणि ती माझ्या हाताखालून निसटली. घाटकोपरचं आमचं घर चौथ्या मजल्यावर. खाली कंपाउंडच्या भिंतीवर एक पिवळा बोका बसला होता. ही वीतभर रुंदीच्या छज्ज्यावर, अगदी कडेला, त्याच्याकडे बघत.

हाका मारल्या. बोंबलाचा तुकडा दाखवला. तिने मान वळवली नाही.

मी प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तिला ऐकू येतंय," त्या म्हणाल्या, "पण आत्ता हार्मोन तिच्या मेंदूला एकच गोष्ट सांगतायत. भूक, भीती सगळं मागे पडलंय. हात पोचतोय का?"

"जेमतेम."

"मग शेपटीच्या जरा वर, पाठीवर दाबा. बोका आलाय असं समजून ती जागीच दबून राहील. तेवढ्यात मानगूट धरा. पण कुणाला तरी तुम्हाला घट्ट धरायला सांगा हं!"

सासूबाईंनी माझ्या कमरेला मिठी मारली. मी अर्धी बाहेर. बोटं टेकताच ती पोट टेकून सपाट झाली, मागची बाजू उचलून पाय चाळवू लागली. एक पाय कडेवरून घसरला. सिमेंटचा पोपडा सुटून खाली गेला. मी मानगूट पकडली आणि ओढली.

आत आल्यावर आम्ही दोघी फरशीवरच बसलो. ती मात्र पुन्हा ओरडायला लागली. सासूबाईंनी तिला पहिल्यांदाच मांडीवर घेतलं. "गप गो बाय. तुझो काय दोष?"

पुढच्या महिन्यात तिचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलं. फॉर्मवर सही करताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, "आता पुन्हा असं करणार नाही ना?"

"नाही. तिला तशी ओढच वाटणार नाही."

हवं तेच उत्तर होतं, तरी पेन थांबलं. मी सोबत आलेल्या सासूबाईंकडे बघितलं.

"दुसरो उपाय आसा काय?" त्या म्हणाल्या.

नव्हता. मी सही केली.