सगळ्यांच्या मागे भाऊजी

भाऊजी पळायला लागलेत असं ताईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "कोणापासून?" ताई हसली नाही. म्हणाली, "माझ्यापासूनच म्हण. मीच पिटाळलंय."

भाऊजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. मागच्या खोलीत खिडकीखाली स्टूल, पुढ्यात फिरतं चाक, मांडीवर भुकटीने पांढरा झालेला फडका. काचेची कड घासायची आणि फ्रेमीत अशी बसवायची की नखसुद्धा शिरू नये, यात त्यांचा जन्म गेला. मग मालकाने यंत्र आणलं. माणूस चांगला होता, चहा पाजून, पाठीवर हात ठेवून निरोप दिला. भाऊजी घरी आले आणि आपल्यावाचून जगाचं काहीही अडत नाही हे त्यांना एका आठवड्यात कळलं. ते दुःख ते बोलून दाखवत नसत, पण चेहऱ्यावर सगळं दिसायचं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या झाकणांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. त्यानंतर एकही झाकण घट्ट बसेना. त्या सकाळी ताईने जुने बूट त्यांच्यापुढे आदळले. "मैदानावर जा. चाला, पळा, लोळा, काय वाटेल ते करा. जेवायच्या वेळेपर्यंत मला दिसू नका!"

मैदानावर रोज सकाळी पळणाऱ्यांचा एक गट जमतो. शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई तो चालवतात. त्यांचा आवाज असा, की शिट्टी गळ्यात नुसती शोभेला. भाऊजी गटात शिरले आणि पहिल्याच दिवशी शेवटून पहिले आले. त्यांचं पळणं मी पाहिलंय. हात पळतात, मान पळते, चेहरा तर जिवाच्या आकांताने पळतो, पाय तेवढे मागे राहतात. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका त्यांना ओलांडून जातात, आणि वर "सावकाश हं, काका" असंही सांगतात. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, पण हे घोड्याच्याही मागून, असं मी ताईला म्हटलं. मला तोंड आवरत नाही.

बाईंनी मात्र वेगळंच पाहिलं. गटात नवीन आलेले, दमणारे लोक मागे पडायचे, मागे एकटे पडायचे, आणि चार दिवसांत यायचे बंद व्हायचे. भाऊजी आल्यापासून कोणी बंद होत नव्हतं, कारण कितीही मागे पडलं तरी आपल्या मागे आणखी एक माणूस धापा टाकत येतोय हा दिलासा होता. बाईंनी भाऊजींना नारिंगी जाकीट दिलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: शेवट.

"काका, आजपासून हे काम तुमचं. तुमच्या मागे कोणी राहता कामा नये. काही झालं तरी कोणाला ओलांडायचं नाही."

दुसऱ्या कोणाला हा अपमान वाटला असता. भाऊजींनी घरी येऊन जाकिटाला इस्त्री केली.

पुढचे लोक पळताना बोलत नाहीत, त्यांचा जीव घड्याळात. मागे मात्र गप्पांना ऊत असतो. तिथलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येणारी एक नर्स. गुडघे कुरकुरणारे, जीभ तिखट. दोनदा ती गटाच्या वार्षिक शर्यतीत उतरली होती आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून रिक्षाने घरी गेली होती. वॉर्डातलं सगळं ती भाऊजींना सांगायची, आणि भाऊजी "हं, मग?" करत तिला पुढच्या खांबापर्यंत न्यायचे. मध्यंतरी घोटा मुरगळलेले एक गृहस्थ भाऊजींपेक्षाही हळू पळू लागले, तेव्हा भाऊजींची झोप उडाली. जाकीट त्यांच्याकडे गेलं तर? रोज त्यांच्या घरी जाऊन घोटा शेकून आले, बरा होईपर्यंत!

मग शर्यतीचा दिवस आला. मी आणि ताई शेवटच्या फितीपाशी उभ्या होतो. पुढचं मला नंतर कळलं.

पाण्याच्या टेबलापाशी भाऊजी नाडी बांधायला वाकले. तेवढ्यात नर्स पुढच्या वळणावरून दिसेनाशी झाली. भाऊजींनी वर पाहिलं तर एक जाडे गृहस्थ, अर्धी चड्डी, पायात बूट, रखडत भलत्याच गल्लीत वळताना दिसले. आपला माणूस वाट चुकला! भाऊजी मागे धावले. "अहो, इकडून नाही!"

गृहस्थांनी मागे पाहिलं. नारिंगी जाकिटातला एक घामाघूम माणूस हात हलवत अंगावर येतोय म्हटल्यावर त्यांनी पाय उचलला.

"शाब्बास! असेच!" भाऊजी ओरडले.

गृहस्थ जीव घेऊन पळाले. शाळेच्या मागून, चढावरून, एका इमारतीच्या जिन्याने वर, आणि धाडकन दार लावलं. भाऊजींनी बेल वाजवली. "बाहेर या हो. तुम्ही आत बसलात तर मला शर्यत संपवता येत नाही."

दार बोटभर उघडलं. आतून रडकुंडीला आलेला आवाज आला, "मी दूध आणायला गेलो होतो!"

इकडे सगळे पोहोचले होते, टाळ्या संपल्या होत्या, टेबलं आवरायला लागली होती. फक्त फितीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला नर्स बसून होती.

"अगं, चार पावलं राहिलीत, ऊठ की!" बाई विनवत होत्या.

"काका कुठे आहेत?"

"येतील."

"मग मीही येईन."

ऊन चढलं. ताईचा चेहरा उतरला, मलाही काही विनोद सुचेना. शेवटी कोपऱ्यावरून आधी दुधाची पिशवी घेतलेले एक जाडे गृहस्थ आले, आणि त्यांच्या मागे भाऊजी. वाट दाखवायला म्हणून ते बिचारे निघाले होते, पण भाऊजींनी त्यांना मागे राहू दिलं नव्हतं.

नर्सला बसलेली पाहून भाऊजी थबकले आणि जाकीट काढायला लागले. "बाई, हे घ्या. ही एकटी पडली. माझं चुकलं."

बाईंनी तोंड उघडायच्या आत नर्स उठली. "कुठे होतात तुम्ही? मी मागे बघतेय, बघतेय, तुमचा पत्ता नाही! पडलात, चक्कर आली, गाडीखाली गेलात, काय समजायचं मी? रात्रभर पेशंट सांभाळायचे आणि सकाळी तुमचा घोर? घाला ते अंगात आधी!"

भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. जाकीट उलटं चढवत होते, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. नर्स फणफणतच फितीपलीकडे गेली. भाऊजींनी एकदा वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि तिच्या मागोमाग आत आले.

मी टाळ्या पिटत होते आणि रडतही होते. ताईने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "माझ्याशिवाय कोणीतरी यांना रागावलं गं."