सगळी मशिनं आजरा

वहिनींचा जेवणाचा डबा तीन कप्प्यांचा होता. खालच्या दोन कप्प्यांत भाकरी-भाजी आणि सगळ्यांत वरच्यात जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक डीव्हीडी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. वहिनी म्हणाल्या, "हसतीस काय? घट्ट बसतीया, ओरखडा उठत न्हाय. तुमच्या त्या प्लास्टिकच्या डबीत हाय का असली सोय?"

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या त्या प्रमुख. त्यांचे यजमान पूर्वी इथंच शिकवायचे, म्हणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी. मी तिथं नवी प्राध्यापिका म्हणून लागले तेव्हा त्यांचा आवाज आधी ऐकला आणि माणूस नंतर पाहिलं. मधे दोन भिंती होत्या.

ती डीव्हीडी त्यांनी स्वतः जमवलेली. कॉम्प्युटर नव्यानं बसवताना तो दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारतो, कुठला देश, कुठली भाषा, वेळ किती. वहिनींनी सगळी उत्तरं त्या डिस्कमध्ये आधीच भरून ठेवली होती. शिवाय मराठी फॉन्ट, प्रिंटर, आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या-पान्या मशीनला लागणारे ड्रायव्हर. डिस्क घातली की मशीन मुकाट्यानं तयार व्हायचं. "विचारायला तोंडच ठिवलं न्हाय त्याला," असं त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या.

दुसरा त्यांचा नाद म्हणजे बारसं. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळं नाव लागतं. इतर लोक आकडे देतात, वहिनींनी जिल्ह्यातली गावं दिली होती. पोरं ओरडायची, "वहिनी, मुरगूड अडकलं!" आणि वहिनी जागेवरूनच म्हणायच्या, "उठव की मग त्याला, शेतकीच्या खात्यात अर्ज देतोस काय?" पहिल्या रांगेतलं पहिलं मशीन आजरा, कारण आजरा त्यांचं माहेर. त्याच्यावर धूळ दिसली तर शिपायाची धडगत नसे.

मी आले ती इमेजचं वेड घेऊन. एकच मशीन मनासारखं सजवायचं, त्याच्या अख्ख्या डिस्कची प्रत काढायची आणि ती बाकीच्यांवर जशीच्या तशी उतरवायची. एकेकापाशी डिस्क घेऊन फिरायला नको. वहिनींना हे अजिबात पटायचं नाही. "फोटूवरनं लगीन जमत न्हाय पोरी. हरेक मशीन येगळं." त्यांचंही खोटं नव्हतं. आमची निम्मी मशिनं शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं दिलेली, दोन एकसारखी सापडतील तर शपथ! पण उरलेली निम्मी नवी होती, एकाच खरेदीतली, जुळ्या भावंडांसारखी. चहाच्या वेळी आमचं रोज वाजायचं आणि दोघींनाही ते आवडायचं.

मग ऑनलाइन प्रवेश परीक्षेचं केंद्र आम्हाला मिळण्याची शक्यता निर्माण झाली आणि वहिनी पेटूनच उठल्या. कोल्हापुरातल्या जागा भरल्या की इथल्या पोरांना थेट पुणं मिळायचं. वहिनींची सून नर्सिंगच्या परीक्षेला तशीच तान्हं बाळ घेऊन पुण्याला गेली होती. गाडी रखडली, गेट बंद झालं, आणि ती बाहेरूनच परत आली. "एका गेटापायी वरीस गेलं तिचं," वहिनी म्हणायच्या. "केंद्र हितं झालं पायजे म्हंजे झालंच पायजे."

फोन आला, परवा तपासणी. सगळी लॅब पुसून परीक्षेच्या सॉफ्टवेअरसकट नव्यानं उभी करायची होती. मला वाटलं आता जुंपणार. वहिनींनी डबा उघडला, डीव्हीडी हातात धरून एकदा जुन्या रांगांकडे आणि एकदा नव्या रांगांकडे पाहिलं. "जुनी माझ्या डिस्कनं, नवी तुझ्या फोटूनं. बोलत बसू नको, लाग कामाला!"

नव्यांपैकी आजरा आम्ही मूळ मशीन म्हणून सजवलं. प्रत काढण्याआधी मूळ मशीनचं नाव पुसावं लागतं, ते मी पुसलं आणि चहाला गेले. परत येऊन प्रत काढली, सगळ्या नव्या मशीनवर सोडली, आणि एकामागून एक पडदे उजळू लागले. वहिनी अक्षरशः टाळ्या पिटत होत्या. "आयला! एका दमात समदी!" केमिस्ट्रीच्या सरांना हाताला धरून त्यांनी बघायला आणलं. मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

तपासणीच्या सकाळी पुण्याहून आलेल्या साहेबांनी त्यांचा सर्व्हर सुरू केला. जुनी मशिनं धडाधड जोडली गेली. नव्यांपैकी एकच जोडलं, बाकी सगळी बाहेर. साहेब चष्मा वर करत म्हणाले, "मॅडम, या सगळ्यांचं नाव आजरा कसं?"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चक्क लाजल्या होत्या. "तू च्याला गेलतीस न्हवं, तवा मी नाव परत घाटलं. बारसं झालेलं मशीन बिननावाचं कसं ठिवायचं? तेबी माहेरचं?"

रागवायला वेळच नव्हता. "अर्ध्या तासात जोडा, नाहीतर मला वर ‘नाही’ असं कळवावं लागेल," साहेब म्हणाले. वहिनींनी पदर खोचला. "पावणं, तुमी च्या घ्या." बाहेरून मिळेल त्या प्राध्यापकाला त्यांनी एकेका मशीनसमोर बसवलं, स्वतः मधोमध उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या, "गारगोटी! पुढं राधानगरी! सर, तुमी मलकापूर! कागल, झालं का न्हाय?" सगळी गावं त्यांना जागेवार पाठ. नाव टाकायचं, मशीन बंद करून चालू करायचं. साहेबांच्या पडद्यावर एकेक गाव उगवायला लागलं आणि आम्ही प्रत्येकाला ओरडून दाद देत होतो, प्राचार्यसुद्धा! शेवटी साहेबच न राहवून म्हणाले, "चंदगड आहे का हो? माझं आजोळ."

"हाय की! खिडकीजवळ, वाऱ्याला."

केंद्र मिळालं. आणि पहिल्याच परीक्षेला वहिनींच्या सुनेला तेच केंद्र आलं. नातेवाईक परीक्षेला असेल तर कर्मचाऱ्यानं आवारात थांबायचं नाही, असा नियम. वहिनींनी ते आपणहून जाऊन सांगितलं आणि ज्या लॅबसाठी घसा फोडला ती माझ्या स्वाधीन करून त्या गेटबाहेर पालकांत उभ्या राहिल्या. बाहेर एकेकाला धीर देत होत्या म्हणे, "आत समदं चालू हाय, घोर करू नका."

पेपर सुटल्यावर मी सुनेबरोबरच बाहेर आले. वहिनी नातवाला कडेवर घेऊन पुढं धावल्या. "मशीन अडकलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आत्ती. पण पेपर लई अवघड हुता."

"आसू दे. आत बसाय मिळालं न्हवं तुला?" एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. भर रस्त्यात, तोंड न झाकता, त्यांच्या त्याच मोठ्या आवाजात. मग मीही रडले.

वहिनी पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि मुलाकडे गडहिंग्लजला गेल्या. लॅब आता माझ्याकडे आहे. परीक्षेच्या दिवशी सगळी मशिनं जोडली गेली की मी गेटबाहेर जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या पालकांना सांगते, आत सगळं चालू आहे, काळजी करू नका. आवाज वहिनींइतका लागत नाही, म्हणून दोनदा सांगते.